जागा संपली, पण कुठली?

ऑपरेटिंग सिस्टमचा बिल्ड फसतो तेव्हा बहुतेक चुका जागच्या जागी बोंब मारतात. हेडर फाइल सापडत नाही, कंपायलर जुना निघतो, कुणीतरी एखाद्या फंक्शनचं नाव बदललेलं असतं. फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक यांसकट तक्रार समोर येते आणि माणूस नीट त्या ओळीवर जातो. या पुस्तिकेचा विषय असलेली चूक तशी नाही. इथे सगळा कोड बिनतक्रार कंपाइल होतो, लिंकही होतो, आणि अगदी शेवटच्या पायरीवर, तयार झालेली सिस्टम बूट डिस्कवर चढवताना कळतं की ती मावत नाही. कित्येकदा तेव्हाही कळत नाही. मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर कळतं, आणि तोवर जुनी, चालणारी सिस्टम पुसली गेलेली असू शकते.

अशा वेळी ‘जागा संपली’ एवढं निदान करून लोक कामाला लागतात. जुन्या फाइली उडवायच्या, कॉम्प्रेशन वाढवायचं, मोठी डिस्क आणायची. कधी लागू पडतं. पुष्कळदा मात्र आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. कारण बूट होण्याच्या वाटेवर जागा एकच नसते. डिस्कची एकूण जागा वेगळी. तिच्यातला जेवढा भाग बूटलोडरला दिसतो, तो वेगळा. लोडर कर्नलला मेमरीत जिथे उतरवतो, ती जागा तिसरी. नवी फाइल तयार होत असताना जुनीच्या शेजारी तात्पुरती लागणारी जागा चौथी. यांतली कुठली भरली, हे ठरल्याशिवाय हात घालू नये, एवढंच या पुस्तिकेचं म्हणणं आहे. बाकीची प्रकरणं म्हणजे ते ठरवायचं कसं याचा तपशील.

हे दुखणं नवं नाही. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या सिस्टमची प्रमाण डिस्क आठ इंची होती: ७७ ट्रॅक, प्रत्येकात २६ सेक्टर, प्रत्येक सेक्टर १२८ बाइटचा. म्हणजे अडीच लाखांहून थोडे जास्त बाइट. त्यातले पहिले दोन ट्रॅक, म्हणजे ५२ सेक्टर, सिस्टमसाठी राखीव. आवृत्ती २.२ मध्ये त्यांची वाटणी ठरलेली होती: एक सेक्टर बूट करणाऱ्या चिमुकल्या प्रोग्रामला, १६ आज्ञा वाचणाऱ्या भागाला, २८ मुख्य सिस्टमला, आणि उरलेले सात बायॉसला. सात सेक्टर म्हणजे ८९६ बाइट. बायॉस लिहायचा तो मशीन बनवणाऱ्याने, आणि त्यात कीबोर्ड, पडदा, प्रिंटर, डिस्क ड्राइव्ह असं सगळं बसवायचं. दुसरा एखादा ड्राइव्ह जोडला, चुकीचा सेक्टर पुन्हा वाचायची सोय केली, की ८९६ ची वेस ओलांडली जायची. डिस्कवर अडीच लाख बाइट असून उपयोग शून्य. काहींनी तिसरा ट्रॅक राखीव केला. त्याने भागलं, पण मग ती डिस्क प्रमाण मांडणीच्या मशीनवर धड वाचता येईना, कारण तिथलं मशीन डिरेक्टरी तिसऱ्या ट्रॅकवरच शोधणार. बूट डिस्कची मर्यादा ही बहुधा अशी कुणाशी तरी केलेल्या कराराची मर्यादा असते, आणि करार मोडला की दुरुस्ती दुसऱ्याच्या अंगणात जाते.

डॉसच्या काळातल्यांना ‘सिस्टमसाठी डिस्कवर जागा नाही’ अशा अर्थाचा संदेश आठवत असेल. डिस्क अर्धी रिकामी असायची आणि तरी तो यायचा. डॉसच्या दोन मूळ फाइली डिरेक्टरीच्या ठराविक जागीच बसायला हव्या असत, आणि तिथे आधीच दुसरं कुणी बसलेलं असे. तिथे मोठी डिस्क आणून काहीही साधलं नसतं.

लिनक्सचं उदाहरण मात्र सविस्तर पाहण्याजोगं आहे. तिथे एकामागून एक सगळ्या मर्यादा आल्या, आणि प्रत्येकीची नोंद कोडमध्येच आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये आलेल्या ०.०१ आवृत्तीच्या बूट करणाऱ्या फाइलीत लिनस टॉरवाल्ड्स यांची एक टीप आहे. सिस्टम जास्तीत जास्त ६४ केबीच्या आठ पट, म्हणजे ५१२ केबी असू शकते, आणि पुढेही याची अडचण पडायचं कारण नाही, असा तिचा आशय. त्या टीपेवर हसणं सोपं आहे, पण मला ती प्रामाणिक वाटते. मर्यादा कुठे आहे, किती आहे आणि का आहे, हे तिथल्या तिथे लिहून ठेवलंय. पुढे ज्यांनी कुठेही काही न लिहिता पार्टिशनचे आकार ठरवले, त्यांच्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ती मर्यादा आली कुठून? फ्लॉपीतून नाही. फ्लॉपीवर तर जवळजवळ तिप्पट जागा होती. पीसी सुरू होतो तेव्हा प्रोसेसर जुन्या सोळा बिटांच्या पद्धतीत असतो आणि बायॉसच्या मदतीने पहिल्या ६४० केबी मेमरीतच काम करायचं असतं. त्यातला खालचा भाग बायॉसच्या तक्त्यांना, वरचा बूट करणाऱ्या कोडला, आणि मधली ५१२ केबी कर्नलला. ही झाली तिसरी जागा, मेमरीतली. १९९३ च्या सुमारास कर्नल दाबून ठेवायची आणि मेमरीत गेल्यावर त्याने स्वतःच उलगडायची सोय आली, तेव्हा थोडा श्वास मिळाला. पण ड्रायव्हर वाढत गेले आणि बिल्डच्या शेवटी एक संदेश दिसू लागला: सिस्टम फार मोठी आहे, ‘बीझेडइमेज’ वापरून पाहा किंवा मॉड्यूल करा. ३८६ किंवा ४८६ मशीनवर तासन्‌तास कंपाइल करून झाल्यावर ही ओळ वाचणाऱ्याची मनःस्थिती काय होत असेल ते सांगायला नको. पण संदेश म्हणून तो नमुनेदार आहे. चूक काय, उपाय कोणते, दोन्ही एका ओळीत. फेब्रुवारी १९९६ मध्ये हान्स लेर्मेन आणि व्हेर्नर आल्मेस्बर्गर यांनी कर्नल थेट १ एमबीच्या वर उतरवायची सोय केली आणि मेमरीची वेस मागे पडली.

मग फ्लॉपीची वेस आली. इथे आकडेमोड जवळून पाहायला हवी, कारण अजूनही छोट्या माध्यमांवर काम करणारे नेमके इथेच घसरतात. ‘१.४४ एमबी’ फ्लॉपीवर २,८८० सेक्टर असतात, प्रत्येकी ५१२ बाइटचे. म्हणजे १४,७४,५६० बाइट. दहा लाखांचा एमबी धरला तर हे १.४७ भरतात, १०,४८,५७६ बाइटचा धरला तर १.४१. ‘१.४४’ हा आकडा दोन्ही मापांची खिचडी आहे. त्यामुळे फाइलींच्या यादीत १.४२ एमबी दिसणारी इमेज त्या फ्लॉपीवर बसत नाही, आणि नवशिका फ्लॉपीलाच खराब ठरवून दुसरी घालतो. पुन्हा, फ्लॉपीवर डॉसची फाइलपद्धत असेल तर एक सेक्टर बूटला, १८ सेक्टर फॅटच्या दोन प्रतींना आणि १४ मूळ डिरेक्टरीला जातात. उरतात २,८४७ सेक्टर, म्हणजे १४,५७,६६४ बाइट. त्यातून लोडरची स्वतःची फाइल वजा करायची. तेव्हा पहिला नियम: आकार नेहमी बाइटमध्ये मोजावा आणि सेक्टरमध्ये ताळा करावा. एमबीत बोलणाऱ्या आकड्यावर विसंबू नये.

काहींनी फ्लॉपीच ताणली. ‘टॉम्सआरटीबीटी’ नावाची एका फ्लॉपीवरची लिनक्स ८२ ट्रॅक आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी २१ सेक्टर अशा मांडणीत १,७२२ केबी बसवायची. चीज कौतुकाची होती, पण सगळेच ड्राइव्ह ८० ट्रॅकच्या पुढे भरवशाने जात नसत. अडचणीच्या वेळी कामाला यावी म्हणून जवळ ठेवलेल्या डिस्कबाबत असा जुगार मी खेळणार नाही.

अधिक टिकाऊ उत्तर दुसरीकडून आलं. १९९५ च्या सुमारास ब्रूस पेरेन्स यांनी डेबियनच्या इन्स्टॉल फ्लॉपीसाठी बिझीबॉक्स लिहिला. फाइल कॉपी करणारी, यादी दाखवणारी, डिस्क जोडणारी अशी प्रत्येक आज्ञा स्वतंत्र प्रोग्राम असली की प्रत्येकीच्या फाइलीत तोच तो समान कोड पुन्हा भरतो. बिझीबॉक्सने त्या सगळ्या एका प्रोग्राममध्ये घेतल्या आणि वेगवेगळी नावं ही त्या एकाच फाइलीकडे बोट दाखवणारी ठेवली. बीएसडीच्या जगात क्रंचजेन हे साधन याच वाटेने जाणारं. फ्लॉपी गेली, पण बिझीबॉक्स आज घरोघरच्या राउटरांत आहे. टंचाईत घडलेली हत्यारं सुबत्तेत टाकून देऊ नयेत ती अशी.

आणि कापाकापीचा प्रश्न. ओपनबीएसडीच्या कर्नलमध्ये ‘स्मॉल कर्नल’ असा एक पर्याय आहे. इन्स्टॉलच्या इमेजसाठी बिल्ड करताना तो लावला की नेमके कुठले भाग गळायचे, हे कोडमध्ये त्या त्या जागी ठरवून दिलेलं असतं. शिवाय पीसीसाठी त्यांनी एकाऐवजी तीन फ्लॉप्या ठेवल्या. एक सर्वसाधारण मशीनसाठी, एक सर्व्हरकडे झुकणारी, एक लॅपटॉपकडे. मला हा मार्ग कॉम्प्रेशनपेक्षा नेहमीच जास्त पटत आला आहे. कॉम्प्रेशन वाढवण्यात कुणाला काही ठरवावं लागत नाही, म्हणून ते आधी सुचतं. वजाबाकीत ठरवावं लागतं, की ही डिस्क कुणाच्या मशीनसाठी आहे.

या वजाबाकीत आपण मराठी माणसंही बसतो, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. पीसीच्या अक्षरी पडद्यावर एका वेळी २५६, फार तर ५१२ अक्षराकृती मावतात. देवनागरीची जोडाक्षरं आणि मात्रा जुळवायला अक्षरजुळणीची लायब्ररी, फाँट आणि चित्रमय पडदा लागतो, आणि हा सगळा ऐवज फ्लॉपीवर नेणं अशक्यच होतं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आली ती २००९ च्या ५.० आवृत्तीत, आणि तीही चित्रमय इन्स्टॉलरमध्येच. भाषांतर करणारे तयार असून भागत नव्हतं. बूट करणारं माध्यम सीडीएवढं व्हावं लागलं. म्हणून ‘पूर्वीच्या सिस्टम किती आटोपशीर होत्या’ असं कुणी हळहळून म्हटलं की मी जरा थांबतो. त्या आटोपशीरपणात कुणाकुणाला जागा नव्हती, तेही मोजायला हवं.

फ्लॉपीवरून थेट बूट होणारा लिनक्स कर्नल २.६ आवृत्तीत (डिसेंबर २००३) संपला. कर्नलच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये पूर्वी स्वतःला लोड करणारा कोड असायचा. त्या जागी नुसता एक निरोप उरला, की फ्लॉपीवरून थेट बूट आता होत नाही, कृपया बूटलोडर वापरा.

हार्ड डिस्क आल्यावर हा प्रश्न मिटायला हवा होता. झालं उलटं, आणि आजचं सर्वांत सामान्य दुखणं तिथूनच सुरू होतं. जुन्या बायॉसला १,०२४ सिलिंडरांच्या पलीकडचं वाचता येत नसे. १६ हेड आणि ६३ सेक्टर धरले तर ही हद्द ५२,८४,८२,३०४ बाइटवर पडते. पुढे २५५ हेडची युक्ती निघाल्यावर ती ८.४ जीबीवर गेली. कर्नल डिस्कवर कुठे पडेल हे फाइलपद्धत ठरवणार. त्यामुळे आज बूट होणारं मशीन उद्या नवा कर्नल घातल्यावर अडायचं. नवा कर्नल जुन्यापेक्षा लहान असला तरी, डिस्कवर जीबीच्या जीबी मोकळी असली तरी. ही दुसरी जागा, लोडरला दिसणारी. यावर उपाय निघाला तो असा, की डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटंसं पार्टिशन काढायचं, त्याला ‘/बूट’ म्हणायचं आणि कर्नल तिथेच ठेवायचा. दहा-वीस एमबीत काम भागे.

बायॉसची हद्द गेली, पार्टिशन राहिलं. डिस्क एन्क्रिप्ट केली की लोडरला वाचता येईल असा उघडा भाग हवाच, म्हणून पुढे त्याला नवं निमित्तही मिळालं. पण आकार वाढला तो कुरकुरत. टेराबाइटच्या डिस्कवर दोन-पाचशे एमबीचं बूट पार्टिशन काढणाऱ्या इन्स्टॉलरचं समर्थन मला करता येत नाही. तेवढी काटकसर करून वाचवलं काय?

भरतं ते कसं, हे डेबियन किंवा उबुंटूच्या मशीनवर पाहू. सुरक्षेचं अपडेट येतं आणि त्याबरोबर नवा कर्नल. तो चढतो. मग त्याच्यासाठी इनिटरॅमएफएस तयार होते. मुख्य डिस्क जोडली जाईपर्यंत लागणारे ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांचं हे गाठोडं कर्नलच्या कित्येक पट मोठं असतं. जुन्या कर्नलची गाठोडी शेजारी आहेतच. त्यात, अस्तित्वातलं गाठोडं नव्याने बांधायचं असेल तर नवी फाइल आधी वेगळ्या नावाने लिहिली जाते आणि पुरी झाल्यावर जुनीच्या जागी येते. पद्धत योग्यच आहे, नाहीतर मध्येच वीज गेली तर काहीच हाती राहणार नाही. पण त्या घटकेला दोघींची जागा लागते. ही आपली चौथी जागा. काम सुरू करण्याआधी पाहिलं तर पार्टिशनवर जागा दिसते, काम फसल्यावर पाहिलं तरी दिसते, कारण अर्धवट फाइल पुसून टाकलेली असते. भरलं होतं ते फक्त मधल्या काही सेकंदांपुरतं. ज्याला हे माहीत नाही तो डिस्क खराब झाल्याचा संशय घेऊन भलतीकडे वळतो.

पुढचा फास पॅकेज व्यवस्थापकाचा. नवा कर्नल अर्धवट बसलेला, म्हणून व्यवस्थापक दुसरं काही काढू देत नाही, आधी हे पुरं करा म्हणतो; आणि पुरं करायला गेलं की पुन्हा जागा अपुरी. या चक्रातून बाहेर यायचं तर एक पायरी खाली उतरून थेट डीपीकेजीनेच जुनं कर्नल पॅकेज काढायचं. त्याआधी ‘यूनेम’ने सध्या चालू असलेला कर्नल कोणता ते पाहायचं आणि त्याला हात लावायचा नाही. सगळं पुरं होईपर्यंत मशीन रीस्टार्ट करायचं नाही. बूटच्या यादीत नवा कर्नल वर आलेला असेल आणि त्याचं गाठोडं नसेल, तर तो मूळ फाइलपद्धत सापडत नाही म्हणून पॅनिकमध्ये जाऊन उभा राहतो. आणि एक चकवा: एखाद्या मशीनवर बूट पार्टिशन जोडलेलंच नसतं. सगळ्या नव्या फाइली मुख्य डिस्कवरच्या त्याच नावाच्या रिकाम्या डिरेक्टरीत बिनबोभाट जात असतात, जागा भरपूर दिसत असते, आणि मशीन मात्र दर वेळी जुनाच कर्नल घेऊन उठतं.

गाठोडं फुगतं कशाने, हे अंदाजाने ठरवू नये. त्यातल्या फाइलींची यादी आकारासकट काढता येते आणि ती पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. आजकाल सिंहाचा वाटा फर्मवेअरचा असतो. ग्राफिक्स कार्डांच्या एकेका फर्मवेअरचाच आकार दहा-दहा एमबीत. आपल्या मशीनपुरतेच ड्रायव्हर घ्यायचा पर्याय डेबियनमध्येही आहे आणि फेडोरातही. त्याने गाठोडं झपाट्याने उतरतं. पण ती डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर उठेलच असं नाही. सर्व्हरवर मी तो बेधडक लावीन, पेनड्राइव्हवरच्या सिस्टमवर कधीच नाही.

विंडोजवाल्यांनी हे सगळं लांबून पाहावं असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने रिकव्हरीच्या पार्टिशनमधली एक सुरक्षेची भेग बुजवणारं अपडेट सोडलं. असंख्य मशीनवर ते शून्य एक्स ८००७०६४३ या क्रमांकाने फसलं, आणि त्या क्रमांकाचा अर्थ ‘इन्स्टॉल करताना गंभीर चूक’ एवढाच मोघम. खरं कारण इतकंच, की रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती नव्हती. सी ड्राइव्ह कितीही रिकामा असो. उपाय म्हणून लोकांना हाताने सी आकसून ते पार्टिशन पुन्हा काढायला सांगण्यात आलं. तीस वर्षांपूर्वीच्या कर्नलने एका ओळीत जे स्पष्ट सांगितलं होतं, ते इथे माणसाला शोधत फिरावं लागलं.

राउटरच्या फ्लॅश मेमरीचं प्रकरण या पुस्तिकेत वेगळं आहे, कारण तिथे डिस्क बदलायची सोयच नसते. ४ एमबी फ्लॅश असलेल्या जुन्या राउटरांचा हात ओपनडब्ल्यूआरटीने टप्प्याटप्प्याने सोडला तो यामुळेच. तिथला नवशिक्याला छळणारा प्रकार म्हणजे बिल्ड शेवटपर्यंत जातो, वरवर यशस्वी दिसतो, आणि आपल्या मॉडेलची इमेज मात्र फोल्डरमध्ये नसते. इमेज मोठी झाल्याचं सांगणारी ओळ हजारो ओळींच्या लॉगमध्ये कुठेतरी वाहून गेलेली असते. शिवाय फ्लॅश पुसली जाते ती ठोकळ्यांनी, बहुधा ६४ केबीच्या. एक बाइट वर गेला तरी पूर्ण ठोकळा खर्ची पडतो.

शेवटचं प्रकरण अजून घडत असलेल्या गोष्टीचं आहे. कर्नल आणि त्याचं गाठोडं एकाच सही केलेल्या फाइलीत बांधायचं आणि ती फाइल थेट यूईएफआयच्या पार्टिशनवर ठेवायची, अशी चाल लिनक्समध्ये रुळते आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ती चांगली आहे. पण ते पार्टिशन फॅटचं असावं लागतं आणि विंडोज आधी बसवलेल्या मशीनवर ते बहुधा १०० एमबीचं असतं. त्याच्या लगेच पुढे विंडोजचं १६ एमबीचं राखीव पार्टिशन, आणि त्याला खेटून सी ड्राइव्ह. म्हणजे ते वाढवायचं तर पुढचं सगळं सरकवावं लागणार, नाहीतर दुसरीकडे नवं पार्टिशन काढून फर्मवेअरला त्याचा पत्ता द्यावा लागणार. दोन्ही रीती त्या प्रकरणात पायरीपायरीने दिल्या आहेत. पहिली करण्याआधी बॅकअप घ्यावा. दुसरी करण्याआधी आपल्या मदरबोर्डचं फर्मवेअर दोन पार्टिशनं निमूटपणे चालवून घेतं का, ते एखादी छोटी फाइल ठेवून तपासावं. सगळीच घेत नाहीत.